रोहिणी, नीला आणि आमचे सर

दिवाळीच्या दिवसांत कल्याणच्या बाजारातल्या एका दवाखान्यासमोर मोठी सुरेख रांगोळी असायची. मधोमध जाड देठासारखा आकार, त्याच्यावर वरून उतरणाऱ्या लाल वेली, दोन्ही अंगांनी आत शिरणाऱ्या आणखी वेली, खालून वर चढणाऱ्या काही, आणि या सगळ्यांना लगटून निळ्या रंगाची दाट जाळी. येणारे-जाणारे थांबून बघायचे. समोरच्या भांड्यांच्या दुकानवाल्याच्या बायकोने एका वर्षी विचारलं, "डॉक्टर, हे तुमचं कमळ आमच्या दारात काढून द्याल का हो? पाडव्याला व्याही यायचेत." डॉक्टर म्हणाले, "देतो की." आणि खरोखरच जाऊन काढून दिलं. व्याह्यांनी फार वाखाणलं म्हणे. ते कमळ नसून माणसाचा गुदाशय होता, त्याला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या आणि ते रक्त परत नेणाऱ्या नीला यांच्यासकट, हे त्या बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. मला ठाऊक होतं, कारण निळा रंग भरायला मीच बसले होते.

ते डॉक्टर म्हणजे आमचे सर. मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजात त्यांनी कितीतरी वर्षं शरीररचना शिकवली होती. हृदय, फुप्फुस, मेंदू हे सगळं ते नेमून दिलेल्या तासांत संपवायचे, पण गुदाशयाशी आले की गाडी अडायची. वरिष्ठांनी एकदा समजावलं, दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा जरा आवाज चढवला. सरांनी राजीनामा दिला आणि कल्याणला येऊन दवाखाना थाटला. "हृदयावर बोलणारे पुष्कळ आहेत," ते आम्हाला सांगायचे. "पुस्तकांत हृदयाला पानंच्या पानं, आणि याला शेवटी उरलेला एक कोपरा. ज्याच्याकडे कोणी बघत नाही तिथंच माणूस मरतो."

मी डोंबिवलीची. आमच्या ओळखीपाळखीत डॉक्टरी शिकणारी मुलगी नव्हतीच. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत संस्कृत शिकवायचे. सोवळंओवळं कडक, पण मुलीने शिकायचं म्हटल्यावर त्यांनी नातेवाइकांचं एक अक्षर ऐकून घेतलं नाही. कॉलेजात माझं अॅनाटमीचं घोडं अडलं, तेव्हा कोणीतरी सरांचं नाव सुचवलं. रविवारी सकाळी ठाण्याची दोन मुलं त्यांच्याकडे शिकायला येत, त्यांच्यात मी जाऊन बसले. सर उंच, वाळलेले, एकटे राहणारे. भर वैशाखात अंगात काळा कोट. मला बघून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "या, डॉक्टरीणबाई." तेव्हा मी पहिल्या परीक्षेत नापास होण्याच्या बेतात होते. पण त्या दिवसापासून त्यांनी मला दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारली नाही, आणि हळूहळू मला त्या हाकेला साजेसं व्हावंच लागलं.

त्यांच्या शिकवण्याला जागेचं बंधन नव्हतं. एका रविवारी आम्हाला घेऊन ते स्टेशनाच्या पुलावर गेले. कल्याणच्या पुढे रूळ दोन वाटांना फुटतात, एक कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. सरांनी काठी उगारली. "बघा. गुदाशयातलं रक्त असंच दोन वाटांनी निघतं. वरच्या भागातलं रक्त वरची नीला घेऊन जाते, ती ही कसाऱ्याची वाट. ती थेट हृदयाकडे जात नाही, आधी यकृताचा घाट चढते. मधली नीला आणि खालची नीला, त्या कर्जतच्या वाटेच्या. पुढे त्या वाटेलाही घाट लागतो ते तूर्त विसरा, या नीलांना घाटबिट ठाऊक नाही, यकृताला वळसा घालून परस्पर हृदयाकडे. आणि दोन्ही वाटा एकमेकींना भेटतात कुठे? इथे. शरीरातलं कल्याण जंक्शन ते हे."

ठाण्याच्या एका मुलाने विचारलं, "सर, घाट बंद पडला तर?"

सर खूश झाले. "शाब्बास! यकृत कडक झालं की घाट बंद. मग डबे तुंबतात. खडवलीला तुंबतात, टिटवाळ्याला तुंबतात, तुंबत तुंबत जंक्शनपर्यंत येतात. इथे फुगवटा येतो. आणि एक दिवस इथेच फुटतं!" काठी रुळांच्या सांध्यावर रोखलेली, आवाज टिपेला.

मागे रेल्वेचा शिपाई उभा होता. "काय फुटनार हाय, साहेब?" त्याने दरडावून विचारलं. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं, वातावरण तंग, आणि हा काळ्या कोटातला म्हातारा तरुण पोरांना रूळ दाखवून काहीतरी फुटण्याच्या गोष्टी करतोय. सरांनी शांतपणे त्यालाही पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावलं. रोहिण्या, नीला, घाट. "आणि या वरच्या नीलेला झडपा नसतात बरं का. माणूस दोन पायांवर उभा राहिला तेव्हापासून वरच्या रक्ताचा सगळा भार या जागेवर येतो. तुम्ही तर दिवसभर उभेच." शिपायाचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आम्ही पूल उतरलो तसा तो मागोमाग आला आणि सरांच्या कानाशी लागून म्हणाला, "साहेब, तुमचा दवाखाना कुठं हाय? मला बी लई दिवसांचा त्रास हाय."

दुसऱ्या दिवशी तो आला. सरांकडे येणारी निम्मी माणसं अशीच यायची, इकडेतिकडे बघत, आवाज खाली करून. मोहन्याच्या कारखान्यातले कामगार, बाजारातले गुमास्ते, शाळामास्तर. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच, "डॉक्टर, मूळव्याध आहे, काहीतरी औषध द्या." सर भडकायचे. "कोणी बघितली? तुम्ही? आरशात? मूळव्याध हा शब्द म्हणजे झाकण आहे. खाली काय शिजतंय ते झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. बोटाने तपासल्याशिवाय माझ्या दवाखान्यात तो शब्द काढायचा नाही." काही जण उठून निघून जात. सर त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत जायचे आणि भर बाजारात ओरडून सांगायचे, "परत या! लाजेने रक्त थांबत नसतं!" अशाने तो माणूस परत येण्याची आशाच नसे, पण का कोण जाणे, बरेच जण येत.

बायका मात्र येत नसत. सरांना त्याची फार टोचणी होती. गरोदरपणात गर्भाशयाचा भार याच नीलांवर पडतो, त्या फुगतात, आणि ती बाई वर्षानुवर्षं कोणाला सांगत नाही, हे ते पुनःपुन्हा बोलायचे. माझा अभ्यासक्रम संपत आला तेव्हा त्यांनी मला सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात मदतीला बोलावलं आणि बाहेर पाटी लावली, की आता स्त्रियांना स्त्री तपासेल. पहिली आली ती खाडीकाठच्या गावातली एक आगरी बाई. नऊवारी गुडघ्यापर्यंत, हातात टोपली. माझ्याकडे बघत म्हणाली, "बाय, रगात जातंय गो. सासूला सांगू का नवऱ्याला सांगू?" आणि एवढं बोलून रडायलाच लागली.

मी तिला पडद्याआड तपासायला घेतलं. सर पडद्याबाहेर, आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभे. त्या जागेवरचे फुगवटे कुठे आहेत ते आम्ही घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगतो. वरच्या रोहिणीच्या फांद्या जशा फुटतात तसे ते बहुधा तीन, सात आणि अकराच्या जागी येतात. सरांनी बाहेरून विचारलं, "किती वाजलेत?"

मी उत्तर द्यायच्या आत ती बाई कुशीवर पडल्या पडल्याच म्हणाली, "बारा वाजून गेलं असतील, डाक्टर. उनं कलली."

सरांचे खांदे हलताना मला पडद्याच्या फटीतून दिसले. हसू आवरून ते गंभीरपणे म्हणाले, "बरोबर आहे मावशी. तरी डॉक्टरीणबाईंना एकदा बघू द्या."

तिचं दुखणं खरोखर मूळव्याधच होतं आणि बरं झालं. नंतर ती टोपलीभर सुकट घेऊन आली. सर जन्माने शाकाहारी. पण एवढ्या प्रेमाने आणलेलं परत कसं करायचं, म्हणून त्यांनी तिलाच ती करायची कशी ते विचारलं आणि स्वतः रांधून खाल्ली. तिच्यामागून तिच्या गावच्या बायका येऊ लागल्या.

माझा डॉक्टरीचा निकाल लागला, त्या दिवशी अण्णा पेढे घेऊन माझ्याबरोबर कल्याणला आले. सरांची आणि त्यांची ती पहिलीच भेट. दोघांचं छान जमलं. अण्णा म्हणाले, "तुम्ही रोहिणी आणि नीला म्हणता ते मला आवडलं. नावं तर देवघरात शोभण्यासारखी." सर म्हणाले, "नुसती नावं नव्हे मास्तर, त्या आहेतही तशाच. रोहिण्या देतात, नीला घेऊन जातात, आणि दोघींचं आपल्याला काही कळतसुद्धा नाही." बोलणं रंगलं. मध्येच अण्णा उठून मागे परसाकडे जाऊन आले. थोड्या वेळाने पुन्हा गेले. परत आल्यावर त्यांनी पेढ्याचा पुडा सरांपुढे धरला. सरांनी पेढा घेतला नाही. अण्णांची बोटंच धरली आणि नखं उजेडाकडे वळवली. नखं कागदासारखी पांढरी होती.

"मास्तर, दोनदा जाऊन आलात. समाधान झालं का?"

अण्णा ओशाळले. मुलीसमोर असलं काही विचारतात याचा त्यांना रागही आला असावा. "जुनी मूळव्याध आहे. आमच्या घराण्यातच आहे ती," ते म्हणाले.

मला वाटलं, आता सर भडकणार. पण ते भडकले नाहीत. अगदी हळू म्हणाले, "आत चला. डॉक्टरीणबाई, तुम्ही बाहेर थांबा."

दार लागलं. मी बाकावर बसून राहिले. थोड्या वेळाने आतून मोरीत हात धुतल्याचा आवाज आला. तो थांबेचना. मग सरांनी मला आत बोलावलं. अण्णा टेबलावर उताणे, डोळे छताकडे. सरांनी उजवा हात त्यांच्या उजव्या बरगडीखाली ठेवला. "श्वास घ्या, मास्तर. सोडा. पुन्हा घ्या." त्या हाताचा अर्थ मला कळत होता, आणि तो कळू नये असं फार वाटत होतं. सर यकृत चाचपत होते. गुदाशयात गाठ असली तर तिच्यातून सुटलेले कण कसाऱ्याच्याच वाटेने जातात, आधी घाटात. तिथे काही टणक लागलं की सगळं संपलं. पुलावर मी तो रस्ता हसत हसत पाठ केला होता. त्याच रस्त्याच्या शेवटी माझे वडील झोपले होते आणि सरांची बोटं तिथपर्यंत जाऊन काहीतरी शोधत होती.

सरांनी हात काढला. माझ्याकडे बघून म्हणाले, "मऊ आहे. घाटापर्यंत अजून कोणी पोचलेलं नाही." मग अण्णांना आधार देऊन उठवलं आणि त्यांच्यापुढे स्टूल ओढून बसले. "मास्तर, ही मूळव्याध नाही. गाठ आहे, वाईट जातीची. पण बोटाला हलते आहे, म्हणजे निघेल. सगळा गुदाशयच काढावा लागेल. पुढे मलासाठी पोटावर डाव्या बाजूला वाट करून देतील. ती कायमची."

 घरी आल्यावर अण्णा आईला म्हणाले, "मी ऑपरेशन करून घेणार नाही." आई रडली, मी समजावलं, काका येऊन रागावून गेले. अण्णा एकच उत्तर देत. "पोटावर घाण बाळगून मी जगणार नाही. देवाला कसा शिवू? पंगतीला कसा बसू? आहे तेवढं शुद्ध जगेन आणि जाईन."

मी सरांना सांगितलं. ते दुसऱ्याच दिवशी सकाळी डोंबिवलीला आले. अण्णा सोवळं नेसून पूजेला बसले होते. सर ओसरीवर, दारातून देवघर दिसेल असे बसले आणि पूजा बघत राहिले. आरती झाली. अण्णांनी तीर्थ दिलं. ते घेऊन सर म्हणाले, "मास्तर, एक विचारू? आत्ता इतका वेळ सोवळ्यात बसला होतात. आतली घाण कुठे ठेवून बसला होतात? खुंटीला?"

आई स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने पदर तोंडाला लावला. 

"रोजच ती घेऊन देवापुढे बसता," सर म्हणाले. "लहानपणी मुंज झाली तेव्हाही ती आत होतीच. देवाने कधी तक्रार केली का? मी फक्त तिची वाट बदला म्हणतोय. रोज सकाळी एनिमाच्या डब्याने ती वाट धुवायला मी शिकवीन. आंघोळीसारखं. मग दिवसभर तुम्ही आमच्यापेक्षाही स्वच्छ."

अण्णांच्या तोंडून एकदम हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी. मग त्यांनी हातातली पळी तबकात ठेवली आणि म्हणाले, "कोणती रोहिणी बांधणार, ते तरी सांगा." सरांनी खिशातला लाल खडू काढला आणि आमच्या ओसरीच्या फरशीवर लाल वेल काढायला सुरुवात केली. वरून उतरणारी मोठी रोहिणी बांधायची. बाजूच्या दोन, खालच्या दोन, त्याही. "आणि ही चौथ्या जातीची, मागून येते, अगदी बारीक. पुस्तकवाले हिला विसरतात, पण विसरलेलीच ऐन वेळी त्रास देते. हिचं नाव मी सर्जनच्या कानात सांगून ठेवणार आहे." अण्णा विद्यार्थ्यासारखे वाकून बघत होते. माहेरपणाला आलेल्या मुलींची चौकशी करावी तशी त्यांनी एकेकीची चौकशी केली.

ऑपरेशन मुंबईला झालं. सर्जन सरांचाच जुना विद्यार्थी. सर सकाळपासून त्याच्या मागे उभे होते. आत काय झालं ते सर कोणाला सांगत नसत, पण त्या सर्जनने मला पुढे सांगितलं. गुदाशय सुटा झाला, रोहिण्या बांधल्या, वर उरलेल्या आतड्याचं टोक पोटावर आणायचं होतं. ते टोक जगणार की मरणार हे त्याला रक्त मिळतं की नाही यावर ठरणार. सर्जनने कडेला बारीक छेद दिला. रक्त येईना. जन्मभर रक्त थांबवण्याच्या मागे असलेले सर त्या टोकावर डोळे लावून पुटपुटत होते, "ये, बाई. ये." आणि कडेवर लाल थेंब उभा राहिला. चांगला टपोरा, भडक. सरांनी मान वळवली आणि बाहेर निघून आले. आई आणि मी बाहेर बाकावर होतो. सर आमच्यापुढे आले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि बोलता येईना म्हणून आईला त्यांनी नुसता वाकून नमस्कार केला. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना गप्प बघितलं.

अण्णा त्यानंतर खूप वर्षं जगले. पुन्हा शाळेत गेले, माझं लग्न केलं, नातवंडांना शब्दरूपं शिकवून पिडलं. ते सगळं सरांचं देणं. पण मला सरांची आठवण येते ती त्यासाठी नाही, किंवा तेवढ्यासाठीच नाही.

ऑपरेशन होऊन अण्णा घरी आले तेव्हा त्यांचं पान मागच्या पडवीत वाढलं जायचं. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनीच पहिल्या दिवशी ताट उचललं आणि तिकडे जाऊन बसले, आणि आईला त्यांना अडवण्याचं धैर्य झालं नाही. धुण्याची सवय अजून नीट लागली नव्हती. पोटावरची पट्टी, तिचा वास येतो की काय ही धास्ती, सगळ्यांत जास्त आवाजाची भीती. त्या वाटेला आवाज आवरता येत नाही. शाळेतले जुने सहकारी भेटायला येत, तर अण्णा झोपेचं सोंग घेत.

एका रविवारी सर जेवायला आले. काका होते, मी होते, सरांबरोबर ठाण्याचा आमचा एक मित्र होता. पानं मांडली गेली. सरांनी मोजलं, मग पडवीत डोकावले. अण्णा तिथे एकटेच पाटावर. सर परत आले, आपलं भरलेलं ताट उचललं, पाट बगलेत मारला आणि पडवीत जाऊन अण्णांच्या शेजारी मांडी घालून बसले.  मग मित्र उठला, मी उठले, आणि शेवटी काकासुद्धा ताट घेऊन आले. अरुंद पडवीत गुडघ्याला गुडघा लागत होता.

जेवण सुरू झालं. आईने वरण वाढलं. कोणी बोलत नव्हतं. आणि त्या शांततेत अण्णांच्या सदऱ्याआडून आवाज झाला. चांगला मोठा आणि लांबलचक.

अण्णांचा हात भातातच थिजला. काकांनी ताटात नजर खुपसली.  अण्णांचे कान लाल होत चालले होते, ते उठायच्या बेतात होते.

सरांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर निखळ आनंद होता, थेट दिवाळीच्या सकाळचा. आईकडे वळून ते म्हणाले, "ऐकलंत वहिनी? आतडं जिवंत आहे, वाट मोकळी आहे, कारभार छान चाललाय! मास्तरांना आणखी भात वाढा."

आई पातेलं घेऊन वाकली. तिने भात वाढला, त्यावर तूप सोडलं, आणि तूप सोडता सोडता तिला हसू आवरेना, रडू आवरेना. अण्णांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा सरांकडे. मग डावा हात पोटावर ठेवून ते नीट, पक्की मांडी घालून बसले.

"वरणही वाढ," ते म्हणाले.